चौदा दारं आणि पिस्त्याचा डबा

६ मार्च, गुरुवार

मुलीच्या मावशीच्या हातात आमच्या कपाटाचं दार आलं आणि भूपेंद्रचं आणखी एक स्थळ गेलं.

घर पाहायला आलेल्या बायका आधी स्वयंपाकघरात शिरतात. बैठकीत मी स्वतः काढलेली चार निसर्गचित्रं लावली आहेत, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मावशीबाई थेट ओट्यापाशी गेल्या, म्हणाल्या, "बघू तरी डबे कसे ठेवतात," आणि वरच्या कपाटाचं दार ओढलं. दार बिजागरीसकट खाली. ते हातात धरून त्या बैठकीत आल्या, कारण कुठे ठेवायचं ते त्यांना समजेना. चहा होईपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आज लीलाधरचा फोन आला. लीलाधर म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा भाऊ, जळगावला असतो, स्थळं तोच आणतो. म्हणाला, "दाजी, नाही म्हणाले. मुलीला शेतीवाला नको, नोकरीवाला पाहिजे."

हे झालं तोंडदेखलं. खरं कारण दार. रंगाचे पोपडे उडालेलं, कडेला फुगलेलं दार मांडीवर घेऊन बसल्यावर कोणता माणूस हो म्हणेल?

लीलाधर म्हणाला, "तेवीस तारखेला धुळ्याचे लोक आणतो. हे शेवटचं हं दाजी. पोरगा तेहेतिशीला आला. यापुढे मला सांगू नका."

सुनंदा म्हणते, रंगारी लावा. अरे वा! अठ्ठावीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. रंगसंगती मी शिकवायची आणि माझ्या घरातलं कपाट दुसऱ्याने रंगवायचं? मी आणि भूपेंद्र करू. क्रीम रंग. क्रीम रंगाने स्वयंपाकघर मोठं दिसतं.

८ मार्च, शनिवार

सगळी चौदा दारं काढली. आता स्वयंपाकघरात काही झाकलेलं राहिलं नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे किती असावेत एका घरात? सुनंदाला विचारलं तर म्हणाली, "माझी अब्रू उघडी पाडली तुम्ही. आता गल्लीतली बाई आली की मी ओट्यापुढे आडवी उभी राहू का?" आणि खरोखर दुपारी शेजारची आली तेव्हा पदर पसरून उभी राहिली.

भूपेंद्रला बोदवडला झुलालशेठच्या रंगाच्या दुकानात पाठवलं. क्रीम ऑइलपेंट आण म्हटलं. सकाळी गेला तो संध्याकाळी आला. आणला पिस्ता रंग.

"हे काय?"

"छान दिसतो असं म्हणाले दुकानात."

माझा मुलगा दिवसात तीन वाक्यं बोलतो, त्यातली दोन केळीच्या घडांशी. त्याला दुकानात कुणी काहीही गळ्यात मारावं. उद्या परत करायला लावतो.

९ मार्च, रविवार

दुकानात गल्ल्यावर झुलालशेठची भाची बसते म्हणे. ती म्हणाली, पिस्ता परत घेत नाही, राहू द्या, लागेल कधीतरी. क्रीमचा डबा दिला. अर्ध्या लिटरचा! चौदा दारांना अर्ध्या लिटरने काय होतं? टिळे लावायचे का?

"ती म्हणाली, लागला तर पुन्हा या," भूपेंद्र म्हणाला.

काय धंदा करतात हे लोक! असं चाललं तर झुलालशेठचं दुकान दिवाळी बघणार नाही.

११ मार्च, मंगळवार

काल प्रायमर आणायला गेला आणि ब्रश विसरला. आज ब्रश आणायला गेला आणि पॉलिश पेपर विसरला. उद्या पॉलिश पेपरला जाईल. मी म्हटलं, एकदाच सगळं लक्षात ठेवता येत नाही का? तर म्हणतो, "उद्या जातो ना नाना. मला काही त्रास नाही."

त्रास नाही हे खरं. शर्टाला इस्त्री करून जातो. आज दाढीही केली होती, आणि दाढी तर तो पोळ्याला करतो. सुनंदाला म्हटलं, "बघ, घराचं काम अंगावर पडलं की माणसात शिस्त येते." ती भाकरी थापत होती. हसली आणि म्हणाली, "तुम्ही चित्रकलेचे मास्तर कसे काय झालात?" या प्रश्नाचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

दुकान बंद असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी भूपेंद्र बोदवडला गेला. विचारलं तर म्हणाला, "बंद आहे का ते बघून येतो."

परत आला तो एका गालाला गुलाबी रंग लावून. दुसरा गाल कोरा, कपडे कोरे, केस कोरे. मी नीट निरीक्षण केलं. चार बोटं अगदी हलक्या हाताने ओढलेली होती, उजवीकडून डावीकडे. म्हटलं, धुळवड खेळायची तर धड खेळावी. हे काय, कंजूषपणे? तो गाल आज त्याने धुतला नाही. त्वचेला अपाय होतो असं मी सांगितलं, ऐकलं नाही.

पहिला हात मात्र आज पूर्ण झाला. मी दारं रंगवली, त्याने डबा धरला. उभे फटकारे मारायचे की आडवे यावर आमचं भांडण झालं. तो म्हणाला, "रत्ना म्हणते उभे मारावेत." मी विचारलं, कोण रत्ना? म्हणाला, दुकानातली. इंटरमिजिएटला ए ग्रेड मला मिळाली होती का रत्नाला?

आडवे मारले. ओघळ आले. ते पोताचा भाग आहेत असं समजावं लागेल.

१७ मार्च, सोमवार

आजचा दिवस लिहू की नको असं झालंय. पण लिहितो.

पहाटे उठून दारांना दुसरा हात दिला आणि गच्चीवर वाळत घातली. रंगाला धूळ लागू नये म्हणून घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या खाटा वर नेल्या, शेजाऱ्यांच्याही दोन आणल्या, आणि त्यांवर दारं आडवी मांडली. शेवटच्या दोन दारांपुरता रंग कमी पडला. तेव्हा ठरवलं, आता मीच बोदवडला जातो आणि त्या पोरीला चार शब्द सुनावतो. भूपेंद्र एकदम पुढे आला. "तुम्ही कशाला नाना उन्हात? मी जातो ना!" चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा. बापाची एवढी काळजी करणारा पोरगा आजकाल मिळायचा नाही.

काळीपिवळीने गेलो. झुलालशेठ गुडघे शेकत आतल्या पलंगावर पडलेले. गल्ल्यावर ही रत्ना. पिंपळनेरची आहे, तिकडची बोली मध्येच डोकावते. मला बघून ताडकन उभी राहिली. "या ना नाना, बसा." मला बाहेर सगळे सर म्हणतात. नाना फक्त घरातले म्हणतात. हिला कुणी सांगितलं कोण जाणे.

मी सरळ विषयाला हात घातला. "पोरी, अर्धा अर्धा लिटर काय देतेस? एकदम का देत नाहीस?"

"उघडा डबा वाळतो ना," ती म्हणाली. मग गोंधळली आणि म्हणाली, "आनि बठ्ठा रंग एकदम लई गयात, ते काम लवकर संपी जाई ना, नाना."

"सगळा रंग एकदम नेला आणि काम लवकर संपलं, तर बिघडलं कुठे?"

यावर ती डब्यावरची धूळ पुसायला लागली. त्या डब्यावर धूळ नव्हती.

आणखी एक गोष्ट मी टिपली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती 'या भाऊ, बोला भाऊ' करते. एक साठीचा माणूस आला, त्यालाही भाऊ. पण आमच्या भूपेंद्रबद्दल विचारताना म्हणते, "आज ते नाही आले?"

"ते कोण?"

"ते... क्रीमवाले."

अरे, त्याला नाव आहे! भूपेंद्रभाऊ म्हणायला काय जीभ झडते? इतकं येणारं गिऱ्हाईक, त्याला साधं भाऊ म्हणता येत नाही. मला वाईट वाटलं. चहा मात्र चांगला दिला, आलं घालून. जाताना म्हणाली, "कपाट चांगलं दिसेल नाना. क्रीम थोडा फिका शे, पण चांगलं दिसेल."

घरी आलो तर गच्चीवर बायकांचा कलकलाट. आज बिबड्यांचा दिवस होता हे मी साफ विसरलो होतो. दर मार्चमध्ये आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका मिळून ज्वारीचे पापडासारखे बिबडे करतात. खाली सुनंदा घाटा शिजवते, वर बायका ओल्या फडक्यावर बिबडे थापून खाटेवर पसरलेल्या साडीवर उलटे टाकतात. बेबाबाई अक्का या सगळ्याच्या प्रमुख. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात हुकूमशाही.

अक्का गच्चीवर आल्या आणि त्यांना दिसल्या खाटा, आणि खाटांवर पांढऱ्या, गुळगुळीत, स्वच्छ फळ्या. अक्का म्हणाल्या, "वा! तोतारामनं औंदा पाट करी ठेवले. शहाना झाला पोरगा." हा पोरगा म्हणजे मी. आणि थापला पहिला बिबडा माझ्या ओल्या रंगावर.

चौदाही दारं भरली. एका दारावर सहा बिबडे, कडेला उरलेल्या जागेत एक छोटा नातवंडांसाठी. मार्चचं आमच्याकडचं ऊन. मी पोहोचलो तोवर रंग आणि बिबडा यांचं एकमेकांत लग्न लागलं होतं.

मी ओरडलो, "अक्का, हे कपाटाचं दार आहे!"

अक्का म्हणाल्या, "मले काय मालूम? दार भिंतीत पाहिजे. खाटेवर काहून?"

सुनंदा जिन्यातून घाट्याची कढई घेऊन येत होती. ती म्हणाली, "सगळ्या खाटा तुम्ही नेल्या. बिबडे काय तुमच्या डोक्यावर टाकायचे होते?"

१८ मार्च, मंगळवार

बिबडे उचकटले तर निम्मा रंग बिबड्याला येतो आणि निम्मा बिबडा दाराला राहतो. अक्का हट्टाला पेटल्या. धान्य वाया घालवायचं नाही म्हणाल्या. एक बिबडा तळून बघितला. फुलला छान. रंगही क्रीमच होता. पण टर्पेंटाइनच्या वासाने गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठून गेलं. अक्का म्हणाल्या, "मीठ कमी झालं."

भूपेंद्र दिवसभर दारं खरवडत होता. एवढं सगळं होऊन पोरगा शीळ घालतो आहे. कारण विचारलं तर म्हणतो, "आता पुन्हा रंग आणावा लागेल."

२० मार्च, गुरुवार

भूपेंद्र रंग आणायला गेला आणि तासाभरात परत आला. रिकाम्या हाताने.

"दुकान बंद?"

"नाही."

"ती पोरगी नव्हती?"

"होती. सोमवारी गावी चालली, पिंपळनेरला. तिला बघायला येणार आहेत." एवढं बोलून तो शेतात निघून गेला.

मी मागून ओरडलो, "अरे, ती गेली तर गेली, झुलालशेठ देतील ना रंग!" त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही.

रात्री जेवला नाही. एवढंसं रंगाचं काम अडलं तर पोराने एवढं मनाला लावून घ्यावं? मी सुनंदाला म्हटलं, "हा माझ्यावर गेलाय. मलाही चित्र बिघडलं की अन्न गोड लागत नसे." ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या वडिलांच्या वेळचा चष्मा बदला आता." माझा नंबर गेल्याच वर्षी काढला आहे.

२१ मार्च, शुक्रवार

आजही नीट जेवला नाही. दुपारी बघितलं तर उघड्या कपाटांपुढे उभा होता, हातात पिस्त्याचा तो पहिला डबा. उघडत नव्हता, नुसता धरून उभा होता.

आम्ही दोघं काही कायमची नाही. आमच्यानंतर हा शेतातून येईल आणि या स्वयंपाकघरात एकटाच असा उभा राहील, स्वतःच चहा ठेवील, स्वतःच पिईल. विहिरीच्या पाण्यावर केळी जगवणारा माणूस, दारू नाही, पत्ते नाहीत, आणि कुणाला नको आहे. का नको? शेतकरी म्हणून? मला हे सहन होत नाही. मी काही करू शकतो ते एवढंच की रविवारपर्यंत ही दारं लागली पाहिजेत.

तडक झुलालशेठला फोन लावला. म्हटलं, "तुमच्या भाचीने अर्धा अर्धा लिटर देऊन हा घोळ घातला. तिनेच निस्तरावा. रविवारी सकाळी रंग घेऊन तिला इकडेच पाठवा. तुम्हीही या, बिबडे खाऊन जा. चांगलेही आहेत थोडे."

भूपेंद्रला सांगितलं. तो उठला, हातपाय धुतले आणि तीन भाकरी खाल्ल्या. कामाची सोय लागल्याचा आनंद वेगळाच असतो.

२३ मार्च, रविवार

धुळ्याचे लोक चारला येणार होते. झुलालशेठ आणि रत्ना रिक्षाने सकाळीच आले. तिने दारं बघितली. खरवडूनही प्रत्येकावर बिबड्यांचे गोल गोल ठसे होते. ती एवढी हसली की तिला ओटा धरावा लागला. भूपेंद्रही हसला. त्याचा हसण्याचा आवाज मी किती वर्षांनी ऐकला ते आठवेना.

मग दोघं कामाला लागले. मी मार्गदर्शन करायला दोनदा आत गेलो. दोन्ही वेळा सुनंदाने मला बाहेर काढलं. "झुलालशेठना कंपनी द्या," म्हणाली. झुलालशेठ बाहेरच्या ओट्यावर बसून बिबडे खात होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, गुडघ्यांचं औषध चढलं असेल.

धुळेकर चारऐवजी तीनलाच आले. लीलाधर, मुलगी मोनाली, तिचे वडील आणि आई प्रमिलाबाई. मुलगी बिचारी फोनमध्ये डोकं घालून होती, तिचंही मन नसावं. मी निसर्गचित्रं दाखवायला घेतली. प्रमिलाबाई म्हणाल्या, "आधी स्वयंपाकघर बघते," आणि मी अडवायच्या आत शिरल्या.

दोन मिनिटांत बाहेर आल्या. चेहरा लालबुंद.

"लीलाधरभाऊ, हे काय? मुलाचं लग्न झालंय आणि तुम्ही आम्हाला घर दाखवायला आणता?"

लीलाधरच्या हातातला चहा सांडला. मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय! ती रंगाच्या दुकानातली पोरगी आहे."

"मला नका शिकवू. मी काय लहान आहे? नाव घेत नाही ती त्यांचं. 'अहो, ते झाकण द्या ना,' म्हणते. 'अहो, नाकाला रंग लागलाय तुमच्या,' म्हणते आणि पदराने पुसते. दुकानातली पोरगी गिऱ्हाइकाचं नाक पुसते?"

त्या गेल्या. लीलाधर दारातून म्हणाला, "दाजी, आता खरंच मला सांगू नका," आणि तोही गेला.

मी बैठकीत उभा राहिलो. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना एकच सांगत आलो की आधी बघा, मग काढा. इस्त्रीचा शर्ट. एक गाल. अर्धा अर्धा लिटर. नाना. क्रीमवाले. सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं, आणि मी त्वचेला अपाय होतो म्हणून सांगत बसलो होतो. मला स्वतःची एवढी लाज वाटली आणि त्याच वेळी एवढं हसू आलं की मी खुर्चीत बसलो.

मग आत गेलो. दोघं भिंतीला लागून उभे, हातात एक एक ब्रश, शाळेत चोरी पकडल्यासारखे.

मी आवाज मोठा केला. "रत्ना, पाहुणे गेले तुझ्यामुळे. आता एक काम कर. दुकानात सगळ्यांना म्हणतेस ना? याला एकदा भाऊ म्हण. म्हण, भूपेंद्रभाऊ."

तिने ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच परत काढला.

"म्हण की."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नही म्हनावत, नाना," ती म्हणाली.

"मग राहू दे," मी म्हटलं. सुनंदा मागेच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. मी तिला विचारलं, "तुला कधी कळलं?" ती म्हणाली, "पिस्ता आणला त्याच दिवशी. क्रीम सांगितल्यावर पिस्ता आणणारा हा पोरगा नाही."

बाहेर झुलालशेठ बिबडे संपवून हात झटकत म्हणाले, "मास्तर, माझे गुडघे कधीच बरे झालेत. गल्ल्यावर बसायला पोरगी मला उठू देईना."

३० मार्च, रविवार, पाडवा

जीप करून पिंपळनेरला जाऊन आलो. आज आम्ही घर पाहायला गेलो होतो. तिला बघायला येणाऱ्या मंडळींना रत्नाने सोमवारीच 'नाही' म्हणून कळवलं म्हणे. निघताना भूपेंद्र तीनदा म्हणाला, "नाना, तिथं जाऊन कपाट उघडू नका." मी म्हटलं, मला काय बायकांची खोड आहे?

घर साधं, शेतकऱ्याचं. वडील कमी बोलणारे, भूपेंद्रसारखे. दोघं अर्धा तास न बोलता शेजारी बसले आणि एकमेकांना फार आवडले. आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. पेला कुठे असेल म्हणून वरचं दार ओढलं.

दार माझ्या हातात आलं.

बिजागरीसकट. कडेला फुगलेलं, रंगाचे पोपडे उडालेलं. रत्नाच्या आईच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या माउलीचा चेहरा मी विसरणार नाही. "गये," म्हणजे गेलं, एवढंच पुटपुटली, आणि बाहेर बैठकीकडे अशी बघायला लागली की आता सगळं संपलं.

मी दार काखेत घेतलं आणि बैठकीत जाऊन बसलो, ते मांडीवर ठेवून. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भूपेंद्रने कपाळाला हात लावला. मला ती मावशी आठवली. बिचारीला खरंच समजत नव्हतं कुठे ठेवायचं ते. दारामुळे नाही म्हणाली नव्हती ती. दारामुळे कोण नाही म्हणतं?

"आम्हाला मुलगी पसंत आहे," मी म्हटलं. "आणि हे दार आम्ही घेऊन चाललो. घरी पिस्ता रंगाचा आख्खा डबा पडून आहे."

आतून रत्ना म्हणाली, "उभे फटकारे मारायला सांगा त्यांना."